मुलांना खरे सांगावे का?

नाताळ जवळ आला की मुले नवे कपडे, खेळणी मागतात. हातात पैसा नसला तरी पुष्कळ आईबाप उसने आणतात, पण 'यंदा जमणार नाही' असे म्हणत नाहीत. मुलांचे मन मोडू नये हा हेतू. पुढे जानेवारीत हप्ते सुरू होतात, घरात चिडचिड होते आणि मुलांना कारण कळत नाही. आपलेच काही चुकले असे त्यांना वाटते.

संत लूकने पवित्र कुटुंबाची गरिबी झाकलेली नाही. मंदिरातील अर्पणाविषयी तो होले नि पारव्यांची पिले यांचाच उल्लेख करतो. कोकरू न परवडणाऱ्यांना नियमशास्त्राने दिलेली ती सवलत होती. १२२३ साली ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने देखावा मांडला, त्यालाही गवत, बैल आणि गाढव पुरले.

तेव्हा खरे सांगावे, एकदाच, साधेपणाने. आणि लगेच काम द्यावे. कामट्या, पतंगाचा कागद व खळ यांचा तारा करण्यात दोनतीन संध्याकाळी मजेत जातात. वाकडा झाला तर उत्तमच, कोणी केला ते शेजाऱ्यांना विचारावे लागत नाही! मुलांनी भरलेल्या करंज्या तेलात फुटतील, फुटू द्याव्यात.

एवढे करूनही शेजारची नवी सायकल पाहून मूल रडेल. तेव्हा उपदेश नको. जवळ घेऊन बसावे.