डिस्चार्जनंतरचं बाळ

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. आतल्या १७ बाळांपैकी सात वाचली, दहा दगावली. चौकशी समिती नेमली गेली, फायर ऑडिटचे आदेश सुटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातला असाच कक्ष पेटला आणि तीच चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

म्हणून हे कक्ष नकोत, असं कुणी म्हणणार नाही. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात २००३ साली असा कक्ष उभा राहिला आणि पुढे तो नमुना देशभरातल्या जिल्हा रुग्णालयांत पोहोचला. सव्वा किलोच्या बाळाला वॉर्मर, ऑक्सिजन आणि सलाईन मोजून देणारा पंप मिळाला नाही, तर त्याचं काय होतं हे खेड्यातल्या कुठल्याही सुईणीला ठाऊक होतं. महाराष्ट्रात आज शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार राज्यातला नवजात मृत्युदर हजारी ११ होता, तर देशाचा २०. ही कमाई मोठी आहे.

पण बाळ दोन-तीन दिवसांत घरी जातं, आणि तिथून पुढचे चार आठवडे रुग्णालयाच्या लेखी ते जवळजवळ दिसेनासं होतं.

नेमक्या याच काळावर गडचिरोलीत काम झालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ कोरडं करून गुंडाळणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या घरीच करत. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ च्या आसपास आला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत तो साठच्या घरातच राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले. २०११ पासून आशा सेविकांच्या गृहभेटी याच पायावर देशभर सुरू झाल्या.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. ताई झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन घेते, पोट आणि तळपाय हाताने चाचपून गार पडलेत का पाहते, घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरले, की पुन्हा मोजते. ‘कालपासून अंगावर नीट ओढत नाही’ हे आजीचं वाक्य तिच्या दृष्टीने धोक्याची घंटा असते. या सहाही भेटी पार पडल्या, की तिच्या हाती २५० रुपये येतात, तेही मोबदला म्हणून, पगार म्हणून नाही.

रुग्णालय आणि घर यांतली ही फट खरं तर कक्षाच्या दारातच सुरू होते. आत बाळ, बाहेर बाकड्यावर आई, अशी पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात मात्र, कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवल्यावर मृत्यू चतुर्थांशाने घटलेले दिसले. त्यासाठी आईला आत खाट द्यावी लागते. आत राहिलेली आई परिचारिकेच्या देखरेखीखाली बाळ हाताळायला शिकते आणि तेच घरी घेऊन जाते.

तेव्हा नवा कक्ष मंजूर करताना वॉर्मरची संख्या जशी विचारली जाते, तसे आणखी काही प्रश्न त्याच कागदावर हवेत. विजेच्या वायरिंगची तपासणी कधी झाली? रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती बाळं? आईची खाट कुठे? आणि बाळ घरी निघालं, की गावच्या आशाताईला त्याच दिवशी फोन कोण करणार? यातल्या कशाचंच उद्घाटन करता येत नाही. म्हणूनच या बाबी अंदाजपत्रकात मागे पडतात, आणि फोन आला नाही तर सातव्या दिवशी मलूल पडलेलं बाळ कुणाच्या नजरेस पडेल, हे नशिबावर राहतं.