आत्महित म्हणजे स्वार्थ काय?

धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या कुटुंबांतून एक प्रश्न आज वारंवार ऐकू येतो. मुलगी शिकली. शिक्षिका झाली, परिचारिका झाली, बँकेत किंवा कचेरीत लागली. लग्न झाले, मूल झाले. आता तिने नोकरी ठेवावी की सोडावी, यावर घरात बैठक बसते. सासूबाई बोलतात, मामंजी बोलतात, नवरा बोलतो. पगाराचा हिशेब होतो, घराच्या हप्त्याचा होतो, मुलाच्या दुधाचा होतो. परंतु "तुला स्वतःला काय हवे आहे?" हे तिला बहुधा कोणी विचारीत नाही. आणि तिनेच होऊन सांगितले की मला पुढची परीक्षा द्यायची आहे, मला वाचायचे आहे, मला लिहायचे आहे, तर लगेच शब्द येतो: स्वार्थी!

हा शब्द योग्य आहे काय? आपण तो धम्माच्या कसोटीवर तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेऊ. बाईने घराबाहेर काम करावे की नाही, हा आपल्या समाजाचा जुना प्रश्नच नाही. आपल्या आज्या-पणज्यांना तो कोणी विचारला नाही. त्या दुसऱ्याच्या शेतात खुरपीत होत्या, मोळ्या विकीत होत्या, विड्या वळीत होत्या, सडकेवर खडी फोडीत होत्या. आणि तान्हे लेकरू बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत निजत होते. काम होते, मातृत्वही होते. नव्हती ती निवड. बाईने उंबरठा न ओलांडणे ही प्रतिष्ठा होती ती वरच्या जातींची. ज्या मनुस्मृतीने स्त्रीला लहानपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या ताब्यात दिले, ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आली. असे असताना चार पैसे हाती येताच "आमच्या घरच्या बायकांना कामाची गरज नाही" असे छाती फुगवून सांगणारा बौद्ध गृहस्थ जाळलेल्या ग्रंथाची राख कपाळी लावीत असतो. आणि बायकोला नोकरीला पाठवून पहिल्या तारखेला तिचा पगार आपल्या खिशात घालणारा गृहस्थही त्याच्याहून वेगळा नाही. पहिल्याने तिचे पाय बांधले, दुसऱ्याने हात.

यावर कोणी म्हणेल, "स्त्रीचे भूषण त्याग आहे. माता रमाईंनी काय केले ते आठवा." जरूर आठवावे. बाबासाहेब परदेशी शिकत असताना रमाईंनी दारिद्र्यात संसार रेटला. चार लेकरे डोळ्यांदेखत गेली. २७ मे १९३५ रोजी त्या स्वतः गेल्या. त्या त्यागापुढे आपण नतमस्तक आहोत. परंतु त्या त्यागाची किंमत सर्वांत अधिक कोणाला कळली? बाबासाहेबांनाच. १९४० सालचा 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्याबरोबर दुःख सोसणाऱ्या त्या साध्वीचे ऋण जाहीरपणे मान्य केले. पण सर्व स्त्रियांनी असेच सोसावे, असा उपदेश त्यांनी त्यातून काढला नाही. उलट २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले की लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. रमाईंचा त्याग परिस्थितीने लादला होता. ती परिस्थिती पालटावी म्हणून तर सारी चळवळ झाली. मग पालटलेल्या परिस्थितीत तोच त्याग सुनेकडून मागणे, हा रमाईंचा गौरव कसा होईल?

आता धम्म काय सांगतो ते पाहू. अंगुत्तर निकायात भगवंतांनी चार प्रकारची माणसे सांगितली आहेत. जो आपलेही हित करीत नाही आणि दुसऱ्याचेही नाही, त्याला त्यांनी स्मशानातल्या जळक्या लाकडाची उपमा दिली. दोन्ही टोके पेटलेली, मध्ये घाण लागलेली. ते ना गावात उपयोगी, ना रानात. जो आपले आणि दुसऱ्याचे अशी दोन्ही हिते साधतो, तो सर्वांत श्रेष्ठ. पण मधल्या दोघांचा क्रम विचार करण्यासारखा आहे. जो फक्त परहित करतो आणि स्वतःकडे दुर्लक्ष करतो, त्याच्यापेक्षा जो आत्महित साधतो त्याला भगवंतांनी वरचे स्थान दिले आहे! ज्याचा स्वतःचा दिवा विझला आहे तो दुसऱ्याला उजेड काय देणार, असेच जणू यात सांगितले आहे.

येथे गैरसमज नको. आत्महित म्हणजे चैन नव्हे, नवी साडी नव्हे. त्याच निकायात पुढे आत्महिताचा अर्थ दिला आहे. आपल्या मनातील लोभ, द्वेष, मोह दूर करणे म्हणजे आत्महित. म्हणजे प्रज्ञेची आणि शीलाची वाढ. जी आई पहाटे चारला उठून रात्री अकराला आडवी होते, जिला वर्षभरात एक पुस्तक उघडता येत नाही, तिच्या मनात राग साचेल की मैत्री? ती मुलावर ओरडते तेव्हा दोष तिच्या स्वभावाचा किती आणि थकव्याचा किती? तिला रोज एक तास स्वतःचा मिळाला तर तो तास मुलाकडून चोरलेला नसतो. तो मुलालाच परत मिळतो.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण घ्या. घर, मुले आणि लहानसे दुकान सांभाळीत त्यांनी आपल्या समाजाची कहाणी लिहिली. लिहिलेले कागद सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवावे लागले. 'जिणं आमुचं' हे पुस्तक पुढे आले आणि सगळ्या समाजाच्या हाती आरसा आला. त्यांचे आत्महित परहितच ठरले. पण त्या वीस वर्षांत आपण काय गमावले असते, आणि ज्यांचे कागद चुलीत गेले अशा किती बाया असतील, याचा विचार केला पाहिजे.

"पण लहान मुलाला आई हवीच ना?" होय, हवीच. बाबासाहेबांनीही ते मानले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांचे म्हणणे होते की बाळंतपणापूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. १९६१ साली तसा देशाचा कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. मातृत्वाचा भार राष्ट्राने उचलावा असे बाबासाहेब म्हणतात. मग त्याच छपराखाली राहणाऱ्या नवऱ्याने तो उचलू नये काय?

उचलतो किती ते सरकारी आकडेच सांगतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या. पुरुष ९७ मिनिटे. आणि ही ९७ मिनिटेसुद्धा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. असे पुरुष शंभरात २६ च होते!

प्रतीत्यसमुत्पाद आपल्याला शिकवतो की कोणतीही गोष्ट एकाच कारणाने घडत नाही. मूल वाढते ते आईच्या दुधाने, बापाच्या सहवासाने, आजीच्या गोष्टीने, शेजाऱ्यांच्या मायेने, शाळेने. मग मूल आजारी पडले, नापास झाले, की "आई नोकरी करते म्हणून" असा एकटीवर ठपका ठेवणे हे धम्माला सोडूनच नव्हे, साध्या बुद्धीलाही सोडून आहे.

सिगालोवाद सुत्तात पत्नीची पाच कर्तव्ये आहेत, तशीच पतीचीही पाच आहेत. तिचा सन्मान करणे, अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे. लग्नात हे वाचले जाते, आणि पाचवे तेवढे ध्यानात राहते! चौथे लक्षात ठेवा. अधिकार देणे म्हणजे तिच्या पगारावर, तिच्या वेळेवर, तिच्या निर्णयावर तिची सत्ता मानणे. ती मूल वाढवण्यासाठी स्वखुशीने घरी राहिली तर तेही काम आहे, त्याचाही मान राखा. ती नोकरीला गेली तर तोही मान राखा. कसोटी नोकरी ही नाही. निवड तिची आहे काय, ही कसोटी आहे.

भगिनींनाही एक सांगणे आहे. आपली सुटका दुसऱ्या बाईच्या पाठीवर होऊ नये. आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाईसुद्धा आई आहे, आणि २६ आठवड्यांची ती रजा तिच्यापर्यंत पोचलेली नाही. तिला योग्य मजुरी द्या, आजारपणात पगारी खाडा द्या. नाही तर मालकीण बदलेल, गुलामी तीच राहील.

शेवटी आपल्या विहाराकडे पाहू. वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. सभागृहात पुरुष बसून समता ऐकतात, आणि उपासिका मागे खीर ढवळीत असतात, कडेवर मूल घेऊन. ही गोष्ट पालटायला कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. येत्या पौर्णिमेला उपासकांनी चुलीपाशी जावे, मुले सांभाळावी, आणि उपासिकांना पुढे बसून ग्रंथ वाचू द्यावा. मग घरीही तसेच करावे. धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी एकदा झाले. स्वयंपाकघरातले धर्मांतर रोज करावे लागते.

सर्वांचे मंगल होवो.