पान्ह्याचा कर्ता कोण?

वासरू कासेला लागले की गाय पान्हा सोडते, हे गोठ्यात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले, तरी त्या दुधाला प्रवृत्त करणारा नेमका कोण, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. ईश्वरकृष्णाने सांख्य दर्शनाच्या ‘सांख्यकारिका’ या ग्रंथाच्या 57व्या कारिकेत असे प्रतिपादिले आहे की, अचेतन दूध जसे वासराच्या वाढीसाठी प्रवृत्त होते, तशीच प्रकृती, म्हणजे जगाचे जड मूलकारण, पुरुषाच्या, म्हणजे केवळ साक्षी असलेल्या चैतन्याच्या, मोक्षासाठी प्रवृत्त होते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (2.2.3) हा दृष्टांत सांख्यांवरच उलटवला: गाय चेतन आहे, तिच्या वासरावरील स्नेहामुळे दूध प्रवृत्त होते आणि वासराच्या चोखण्याने ते ओढले जाते, तेव्हा दूध स्वतःहून वाहते असे म्हणताच येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

आधुनिक शरीरशास्त्राने या वादात ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकाचा तिसरा पक्ष आणला. संप्रेरक म्हणजे एका ग्रंथीतून रक्तात मिसळून दूरच्या अवयवाला कामाला लावणारे रसायन. ऑक्सिटोसिन हे मेंदूतील अधश्चेतक या भागात तयार होऊन त्याखालच्या पीयूषिका ग्रंथीतून रक्तात येते आणि कासेतील दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळून दूध सडांकडे ढकलते. कासेला वासराने ढुशी दिली, सड चोखला, की मिनिटभरात हे घडते, आणि त्याचा प्रभाव थोडाच वेळ टिकत असल्याने धार सात-आठ मिनिटांत आटोपावी लागते. गाय बिथरली, कुत्रे अंगावर आले किंवा धार काढणाराच अनोळखी असला, तर भीतीने सुटणारे अॅड्रेनॅलिन हे संप्रेरक आड येते आणि गाय दूध चोरते. विन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 साली हे संप्रेरक प्रयोगशाळेत घडवले आणि 1955 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्नेहाचे म्हणून जे कार्य मानले गेले, ते असे बाटलीत भरता येऊ लागले.

यावरून सांख्यांचा जय झाला असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि माजाचे चक्र पाहिले की ते अधिकच पटते. अधश्चेतकाच्या इशाऱ्यावरून पीयूषिका अंडाशयातील बीज पक्व करते, इस्ट्रोजेन वाढून गाय माजावर येते, बीज सुटल्यावर तेथे उरलेला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन स्रवून गर्भाशय सज्ज ठेवतो, आणि गर्भ राहिला नाही तर गर्भाशयातून आलेले प्रोस्टाग्लँडिन तो पिंड विरघळवून सुमारे 21 दिवसांनी गाईला पुन्हा माजावर आणते. यात कोठेही कोणी हेतू धरून बसलेला नाही, तरी वंश पुढे चालतो.

परंतु हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावात, सोयाबीन-तुरीच्या जोडीला एखादे दुभते जनावर राखणाऱ्या घराचा अनुभव शंकराचार्यांच्या बाजूनेही साक्ष देतो. वासरू दगावले की गाय आटते, म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवण्याची रीत पूर्वी होती. उलट, सवयीची गाय बादलीच्या नुसत्या आवाजाने पान्हावते. म्हणजे रसायन सुटण्याआधी वास, स्पर्श, ओळख आणि आठवण यांचे काम झालेले असते. ऑक्सिटोसिन हे स्नेहाचे खंडन नसून त्याचा शरीरातील मार्ग आहे, आणि मार्ग सापडला म्हणून चालणारा नाहीसा होत नाही. याच जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने ज्यांचे जन्मस्थान मानले जाते, त्या नामदेवांच्या वारकरी परंपरेने देव आणि भक्त यांच्या नात्याला गाय-वासराची उपमा दिली, ती दुधाच्या उत्पत्तीवर नव्हे, तर या ओढीवर उभी आहे.

खरी कसोटी लागते ती पान्हवण्याच्या इंजेक्शनाने. वासरू नाही, ओढ नाही, तरी सुई टोचताच दूध उतरते. येथे सांख्यवादी म्हणेल की चेतनेची गरज संपली, तर वेदान्ती उत्तर देईल की सुई धरणारा हात चेतनाचाच आहे. या उत्तरात केवळ युक्तिवाद नाही, कारण प्रवृत्तीचा कर्ता गाईकडून माणसाकडे आला, की प्रयोजनही बदलते: सांख्यांच्या दृष्टांतातही दूध वासरासाठी होते, इंजेक्शनाने उतरवलेले दूध मात्र सुई धरणाऱ्यासाठी असते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960च्या कायद्याचे कलम 12 दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपाय करणारे इंजेक्शन गुन्हा ठरवते, तेव्हा ते नकळत हाच भेद मान्य करते. वार अडकल्यावर पशुवैद्याने दिलेले ऑक्सिटोसिन आणि रोज सकाळ-संध्याकाळ धारेआधी टोचलेले ऑक्सिटोसिन रसायन म्हणून एकच आहे. फरक पडतो तो ते कोणासाठी दिले यात.

म्हणून संप्रेरकांच्या ज्ञानाने कर्तृत्वाचा प्रश्न निकालात निघत नाही, तो जागा बदलतो. जोवर पान्हा गाईच्या शरीरातच घडत होता, तोवर तो प्रकृतीचा की स्नेहाचा, हा तत्त्वज्ञांचा वाद होता. तो बाहेरून घडवता येऊ लागल्यावर त्याचे उत्तरदायित्व ज्याला हे ज्ञान आहे त्याच्यावर आले, आणि वसुबारसेला गाईबरोबर वासराचीही पूजा करणाऱ्या समाजाला ते नाकारणे अवघड आहे.