मरण नाकारणाऱ्या पेशी

९ फेब्रुवारी २००८ रोजी वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी देह ठेवला. वय त्र्याण्णव वर्षांचे, आणि अखेरचा आजार रक्ताच्या कर्करोगाचा. त्याआधी तीनच दिवस, राखेच्या बुधवारी, आपण कपाळी राख लावून घेतली होती आणि आपण मातीचे आहोत, मातीतच मिळणार आहोत, याचे स्मरण केले होते. बाबांच्या देहाचे दहन न करता तो आनंदवनाच्या मातीतच पुरण्यात आला. मरण हा प्रत्येक देहाचा धर्म आहे, हे आपण सारेच जाणतो. रक्ताच्या कर्करोगाची गोष्ट मात्र विचारात पाडणारी आहे. तेथे माणूस मरतो, कारण त्याच्या देहातील काही पेशी वेळेवर मरत नाहीत.

हे विधान चमत्कृतीसाठी केलेले नाही. १९७२ साली केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी पेशींच्या एका विशिष्ट प्रकारच्या मृत्यूला ‘ॲपॉप्टोसिस’ असे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे पान किंवा पाकळी गळून पडणे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवनात राहणाऱ्यांना हे नाव सहज पटावे. तेथील पानगळ आपण नेहमीच पाहतो, पण वाऱ्याने मोडून लोंबकळणाऱ्या फांदीकडे क्वचितच लक्ष देतो. तिची पाने वाळतात, काळी पडतात, तरी पुष्कळ दिवस फांदीला चिकटूनच राहतात. पान गळण्यासाठी त्याच्या देठाशी पेशींचा एक वेगळा थर तयार व्हावा लागतो, आणि तो तयार करणे हे जिवंत फांदीचे काम आहे. मेलेल्या फांदीला पान सोडता येत नाही.

देहातही असेच घडते. आईच्या उदरात गर्भाचा हात प्रथम वल्ह्यासारखा सपाट असतो. मधल्या पेशी मरून जातात, तेव्हा बोटे सुटी होतात. रक्तात तर जन्म आणि मृत्यू यांचा मेळ अखंड चालू असतो. दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी अस्थिमज्जेत जन्माला येतात आणि जवळजवळ तितक्याच जुन्या पेशी निरोप घेतात. रोगजंतूंशी लढण्यासाठी ज्या श्वेतपेशींची संख्या भराभर वाढते, त्यांतील बहुसंख्य पेशी लढाई संपताच मरून जातात. काही थोड्या मागे राहतात, त्या शत्रूची ओळख जपून ठेवण्यासाठी.

हा मृत्यू कोण घडवून आणतो? पेशीतील तंतुकणिकांच्या दाराशी दोन प्रकारच्या प्रथिनांची ओढाताण चाललेली असते. एक गट पेशीला जगवू पाहतो. त्यातील प्रमुख प्रथिनाचे नाव बीसीएल-२. दुसरा गट तंतुकणिकेच्या आवरणाला भोके पाडू पाहतो. पेशीच्या जनुकद्रव्याला भरून न येणारी इजा झाली, की पी-५३ नावाचे प्रथिन त्याची वर्दी देते आणि पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. मग तंतुकणिकेतील द्रव्य बाहेर झिरपते, कापणारी विकरे जागी होतात, पेशी आतल्या आत सुटी होऊन तिच्या लहान लहान पुड्या बांधल्या जातात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही, कोणाला पत्ताही लागत नाही.

१९८०च्या दशकात लसिका-पेशींच्या एका कर्करोगात असे दिसून आले, की चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलले गेले आहेत. त्यामुळे बीसीएल-२चे जनुक भलत्याच जागी बसते आणि सतत काम करीत राहते. तोवर सर्वसाधारण समज असा होता, की कर्करोगाचे जनुक पेशींना वेगाने वाढावयास लावते. १९८८ साली मेलबर्न येथे डेव्हिड व्हॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हे जनुक पेशींची वाढ घडवीत नाही. ते त्यांना मरू देत नाही. बिघडलेल्या, म्हाताऱ्या, निरुपयोगी पेशी गर्दी करून बसतात आणि निरोगी रक्ताला जागा उरत नाही.

या शोधातून पुढे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध निघाले आणि २०१६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते बीसीएल-२ला जाऊन चिकटते आणि त्याने अडकवून ठेवलेल्या मृत्युदूतांना मोकळे करते. पुढचे काम पेशी स्वतःच करते. काही रुग्णांत इतक्या पेशी एकदम मरतात, की मूत्रपिंडे धोक्यात येतात. म्हणून रक्ताच्या एका जुनाट कर्करोगात या औषधाची मात्रा पाच आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवितात.

प्रवचनकारांना हे उदाहरण मोहात पाडील. मलाही ते पाडते. चांगली पेशी देहासाठी मरते, स्वार्थी पेशी देहाला मारते. तेव्हा माणसानेही समाजासाठी मरावे. संत पॉल यांनी ख्रिस्तसभेला देहाची उपमा दिलेली आहेच! परंतु ही वाट निसरडी आहे. पेशी त्याग करीत नाही. तिला ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य नाही, आणि म्हणून तिच्या ‘हो’लाही काही नैतिक अर्थ नाही. ती देहासाठीच असते. माणूस मात्र समाजात जगतो, तरी तो समाजाचा सुटा भाग नव्हे. तो देवाची प्रतिमा आहे.

संत योहानाच्या शुभवर्तमानात दोन अध्याय लागोपाठ येतात. अकराव्या अध्यायात प्रमुख याजक कयफा असा हिशेब मांडतो, की सारे राष्ट्र नष्ट होण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे हिताचे. बाराव्या अध्यायात प्रभू येशू जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी बोलतो. दोघांची भाषा जवळजवळ एकच वाटते. पण कयफा दुसऱ्याच्या मरणाविषयी बोलत होता, प्रभू स्वतःच्या.

कुष्ठरोग्याला गावाबाहेर घालविताना आपल्या समाजाने कयफाचाच हिशेब केला होता: एक अवयव सडला, तो तोडा म्हणजे देह वाचेल. त्या तोडलेल्या माणसांपैकी सहा जणांना घेऊन बाबा आणि साधनाताई यांनी १९५१ साली आनंदवनाचा आरंभ केला. ज्यांच्या हातांची बोटे रोगाने झडली होती, त्यांनी तेथे विहिरी खणल्या, शेती पिकविली, आणि पुढे त्याच भूमीवर वरोऱ्याच्या मुलांसाठी महाविद्यालयही उभे राहिले. देहाचे जे अवयव दुर्बळ दिसतात तेच अधिक आवश्यक असतात, हे संत पॉल यांचे म्हणणे देहाची उपमा देताना आपण सोयीस्करपणे वगळतो. बाबांनी आपले आयुष्य स्वखुशीने झिजविले. रोग्यांना मात्र त्यांनी झिजण्याचा उपदेश केला नाही, काम दिले.

हा भेद आपल्या घरांतही उपयोगी पडावा. वृद्ध वडिलांना रक्ताचा कर्करोग होतो. एक मुलगा शेत विकून शेवटच्या श्वासापर्यंत उपचार करावयास निघतो. दुसरा मनातल्या मनात खर्चाची बेरीज करतो. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली स्पष्ट केले होते, की असाधारण उपाय योजण्याचे बंधन कोणावरही नाही. निष्फळ आणि असह्य उपचार थांबविणे म्हणजे हत्या नव्हे, हे आजही ख्रिस्तसभेचे शिक्षण आहे. जीव घेणे मात्र सदैव निषिद्ध आहे. पण थांबण्याचा निर्णय, तो शुद्धीवर आहे तोवर, रुग्णाचाच आहे. आपल्याकडे ही चर्चा खोलीच्या दाराबाहेर, दबक्या आवाजात होते. पुष्कळ घरांत तर पलंगावरच्या माणसाला त्याच्या रोगाचे नावही सांगितलेले नसते.