कुंपणाबाहेरची हाक

२०२० साली महामारीच्या टाळेबंदीत आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध विधवेच्या मुलाला रुग्णवाहिकेतून नेण्यात आले. घरी ती एकटीच उरली. शेजाऱ्यांनी तिच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. आम्ही दूरध्वनीवरून तिच्यासाठी प्रार्थना केली आणि आपले कर्तव्य पार पडले, अशी मनाची समजूत घातली. पुढे निर्बंध उठल्यावर तिला भेटावयास गेलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "फादर, घरात येऊ नका असं मीच सांगितलं असतं. पण कुंपणाबाहेर उभं राहून एक हाक मारली असती, तरी पुरे होतं."

ती हाक आम्ही का मारली नाही? आमचे पाय नियमाने नव्हे, भयाने अडविले होते. नियम हे त्या भयाला मिळालेले सोयीचे नाव होते.

भय हे पाप आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. हवाई बेटांवर १८६५ साली कायदा झाला आणि पुढील वर्षापासून कुष्ठरोग्यांना मोलोकाई बेटावर धाडण्यात येऊ लागले. तीन बाजूंस समुद्र, चौथ्या बाजूस उभा कडा. रोगावर उपचार नव्हता, म्हणून त्यांना वेगळे ठेवणे समजण्याजोगे होते. परंतु वेगळे ठेवता ठेवता त्यांना टाकून देण्यात आले. १८७३ मध्ये बेल्जियमचे तेहतीस वर्षांचे फादर दामियन तेथे गेले. त्यांनी जखमा धुतल्या, घरे उभारली, मृतांसाठी स्वतःच्या हातांनी शवपेट्या केल्या. असा मनुष्य निर्भयच असणार, असे आपण गृहीत धरतो. पण जखमांची दुर्गंधी आपल्याला सोसवत नसे आणि तिच्यावर तोड म्हणून आपण तंबाखूचा पाइप ओढू लागलो, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. किळस ओसरण्याची वाट न पाहता ते झोपडीत शिरले. १८८९ मध्ये त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. २००९ साली त्यांना संतपद लाभले.

मग प्रेमासाठी सावधगिरी सोडावी काय? तसेही नाही. त्याच वसाहतीत १८८८ मध्ये आलेल्या मदर मारियान कोप यांनी स्वच्छतेचे नियम कटाक्षाने पाळले, सुमारे तीस वर्षे सेवा केली आणि त्यांना तो रोग कधीच जडला नाही. त्याही २०१२ पासून संत आहेत. सावधगिरी अंतर किती ठेवावे हे सांगते. पाठ फिरव, असे ती सांगत नाही. पाठ फिरवितो तो आपला स्वार्थ.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू कुष्ठरोग्याला स्पर्श करतो. बरा झालेला तो मनुष्य माणसांत परततो. प्रभूला मात्र त्यानंतर उघडपणे नगरात जाता येत नाही, तो बाहेर ओसाड जागी राहतो. जणू त्याने त्या मनुष्याचे एकटेपण स्वतःकडे घेतले.

महामारी सरली, कुंपणे उरलीच आहेत. मुले परदेशी गेलेले वृद्ध दांपत्य, व्यसनी मुलाचे लाजेने मिटलेले घर, ज्यांच्या दारी 'काय बोलावे' हे न सुचल्याने आपण जातच नाही असे दुःखी जीव आपल्याच गावात आहेत.

ती वृद्धा आता हयात नाही. तिला द्यावयाची राहिलेली हाक आम्हांला दुसऱ्या कुणाच्या तरी दाराशी द्यावी लागणार आहे.