किती परस पाणी

श्रावणात राजापूर तालुक्यातली ती जागा पाहिली आणि नानांचं मन तिथेच राहिलं. चिऱ्याचं कौलारू घर, 1 एकर 12 गुंठे जमीन, हापूसची 14 कलमं आणि मागच्या दारी काठोकाठ भरलेली विहीर. डोंबिवलीहून 32 वर्षं लोकल पकडलेल्या माणसाला आणखी काय हवं? सातबाऱ्यावर 11 नावं होती. त्यांतल्या पाच माहेरवाशिणी. "त्या कुठे जातात? सह्या देतील," मध्यस्थ म्हणाला. नानांनी मान डोलावली. विसार किती द्यायचा, हेही मनाशी ठरलं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर सरकारी परवानगी लागते. 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 तसं सांगतं. वकिलाने नानांच्या नावाचा सातबारा मागितला. वडिलांचं रान होतं माण तालुक्यात, पण वडील जाऊन 9 वर्षं झाली तरी वारसनोंद कोणी केलीच नव्हती. कोकणातल्या घरासाठी नानांना आधी माणदेशात जावं लागलं.

चुलतभाऊ एसटी स्टँडवर न्यायला आला. चहा झाल्यावर दोघं रानात गेले. बाजरी निसवली होती, बांधाला मटकी पसरली होती. उतार म्हणाल तर असा, की एका वळवाच्या पावसात सगळी माती ओढ्याला जावी. ती गेली नव्हती, कारण आडव्या ताली होत्या, दगडावर दगड नीट बसवलेल्या. दर साली एखादी फुटायची, दर साली चुलतभाऊ ती पुन्हा रचायचा. जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेच्या वर्षांत अख्खं गाव माळावर चर खणायला उतरलं, तेव्हा वरच्या अंगाला नानांच्या वाटणीचे चरही त्यानेच खणले होते. हे त्याने सांगितलं नाही. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं.

नानांनी मोबाइलवरचे कोकणातले फोटो दाखवले. चुलतभावाने ते सावकाश, एकेक करून पाहिले.

"झ्याक हाय. पर नाना, वैशाखात इहिरीला किती परस पाणी राहतं?"

नानांना सांगता येईना. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे पाण्याचं काय विचारायचं, असंच त्यांनी धरलं होतं. पण तिथला जांभा खडक सच्छिद्र. पावसाळ्यात भरतो आणि भराभरा रिता होतो. म्हणून तर तिथल्या कितीतरी वाड्या मे महिन्यात टँकरची वाट बघतात. हा प्रश्न दुष्काळी मुलखातल्या माणसालाच पहिल्यांदा सुचतो, आणि माझ्या मते जागा बघायला निघालेल्या प्रत्येकाने तो त्याच्याकडून उसना घ्यावा.

"आन् आपल्या हिरीला?" नानांनी विचारलं. शहरात पुसट झालेली बोली आपसूक तोंडात आली.

"औंदा दीड परस राहिलं हुतं. तुमाला म्हाईत नाय व्हय?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच नानांना ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेबांनी वारसनोंदीचा अर्ज पुढे केला. नानांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"बहिणी किती?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"दोन. पण त्या..." पुढचं वाक्य नानांच्या तोंडात तयार होतं. त्या कुठे जातात, सह्या देतील. तेच शब्द, तोच सूर. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे नानांना वाचून ठाऊक होतं. राजापूरच्या त्या उताऱ्यावरच्या पाच बायकांपैकी एकीलाही आपण भेटलो नाही, हे मात्र आत्ता, या टेबलाशी उभं असताना ध्यानात आलं.

त्यांनी पेन उचलून दोघींची नावं लिहिली. धाकटीचं सासरचं पूर्ण नाव आठवायला जरा वेळ लागला.

बाहेर येऊन त्यांनी मध्यस्थाला कळवलं, "विसार आत्ता नाही. वैशाखात येतो. विहीर बघायचीय आणि त्या पाच जणींनाही भेटायचंय." तोवर गिऱ्हाईक थांबायचं नाही, असं तो म्हणाला. "मग जाऊ दे," नाना म्हणाले.

मग त्यांनी फलटणला थोरल्या बहिणीला फोन लावला.

"आक्का, रानाला तुझं नाव लागतंय."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तिने विचारलं, "हिरीला पाणी हाय का रं?"