शेवटच्या गुसलाचा हक्क

मय्यतीला गुसल द्यायचे, कफन घालायचे, जनाज्याची नमाज पढायची आणि दफन करायचे, ही चार कामे जिवंत माणसांवर फर्ज-ए-किफाया आहेत. काहींनी केली तर सर्वांची सुटका. कुणीच केली नाहीत तर सगळेच गुन्हेगार. कोरोनाच्या साथीत यातले पहिले काम आम्हांला पुष्कळ ठिकाणी करता आले नाही. मग आम्ही गुन्हेगार ठरलो काय? साथ सरली, तरी अनेक घरांत हा प्रश्न अजून सलतो.

जानेवारी 2020 मध्ये आमच्या धाराशिवात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. त्यानंतर अडीच महिन्यांत टाळेबंदी आली. तुळजापूरच्या भवानीचे देऊळ बंद, मशिदी बंद; राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली ती 16 नोव्हेंबरला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्चमधल्या सूचनांनी मृतदेहाला आंघोळ घालण्यास मनाई केली होती. दफनाला मनाई नव्हती.

तेव्हा एक दिलासा सर्रास दिला जाई. साथीत मेलेला शहीद, आणि शहिदाला गुसल नसते. यातले पहिले वाक्य हदीसचे आहे. दुसरे त्याला जोडता येत नाही, कारण गुसलाविना दफन करायचे ते रणांगणातल्या शहिदाला. साथीतल्या शहिदाचा दर्जा आखिरतमधला. इथे त्याला गुसल द्यायचेच असते. म्हणजे सुटका शोधायची तर ती शहादतीत नाही, मजबुरीत आहे. आणि मजबुरी खरी आहे की नाही हे मौलवीसाहेबांना एकट्याने ठरवता येत नाही. त्यांनाही डॉक्टरला विचारावे लागते.

पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या भाईबंदांवर ही वेळ आपल्या आधी आली होती. 2014 मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन छोट्या देशांत इबोला पसरला आणि साथ संपेपर्यंत अकरा हजारांवर माणसे गेली. गिनी आणि सिएरा लिओनमध्ये मुसलमान बहुसंख्य आहेत. इबोलाने मेलेल्याच्या देहात विषाणू जोरात असतो. त्यामुळे मायेने मय्यत धुणारे हातच रोग घेऊन घरी जात होते. लायबेरियात सरकारने राजधानीतल्या मृतांच्या दहनाचा हुकूम काढला; धास्तावलेले लोक आजारी आणि मृत माणसे लपवू लागले. शेवटी नोव्हेंबर 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुस्लिम आणि ख्रिस्ती संस्थांना सोबत घेऊन सुरक्षित व सन्मानाच्या दफनाची पद्धत ठरवली. पाण्याऐवजी तयम्मुम, तोही बंद पिशवीवरून, दफन पथकातल्या मुसलमानाच्या हातून. गुसल गेले, पण मय्यतीचा मान राहिला.

आता आपल्याकडे पाहा. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले, की कोरोनाचा प्रत्येक मृतदेह, धर्म कोणताही असो, जाळावा. ओरड झाली आणि ते त्याच दिवशी मागे घेतले गेले. वांद्र्यातल्या कब्रस्तानाविरुद्ध काही रहिवासी न्यायालयात गेले, तेव्हा 22 मे रोजी उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. दफनाने साथ पसरते याला आधार नव्हता. श्रीलंकेत मात्र जवळजवळ वर्षभर मुसलमानांची प्रेते सक्तीने जाळली गेली. या प्रत्येक वेळी आम्ही विचारले, पुरावा कुठे आहे? आमचे बरोबरच होते.

पण जो पुरावा मागतो त्याने तो आपल्याविरुद्ध गेला तरी मानला पाहिजे. दफनासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला देणारी आणि गुसलाची गोष्ट निघताच तिलाच कारस्थानी म्हणणारी माणसे आमच्यात होती. उद्या इबोलासारखा रोग आला, तर या दुटप्पीपणाची किंमत गुसल देणारे भोगतील.

दुसरी बाजूही आहे. कोरोनाच्या मृताला हातमोजे, मास्क घालून, काळजी घेऊन धुता येते, असे तीच संघटना सांगत होती. म्हणजे आपल्याकडची सरसकट बंदी गरजेपेक्षा कडक होती. दफनासाठी आम्ही न्यायालयापर्यंत गेलो. गुसलासाठी तहसीलदाराकडे साधा अर्ज तरी किती गावांनी केला? ज्याला मय्यतीजवळ जाऊच दिले नाही त्या मुलावर गुन्हा नाही, हे आम्ही निःशंक सांगतो. जमातीविषयी इतके निःशंक सांगवत नाही.

परंडा, उमरगा, कळंब, कोणत्याही गावी मशिदीचे कपाट उघडा. कफनाचे कापड, कापूर, अत्तर सापडेल. हातमोज्यांचा खोका आहे का, तेवढे पाहा. आणि गुसल देणाऱ्या म्हाताऱ्या चाचांना विचारा, त्यांच्या हाताखाली कुणी शिकतो आहे का.